आबांनी कुणाला काय सांगितलं

तार वाचून दया आधी हसली.

"आबा वारले. लगेच नीघ. पप्पा." एवढंच त्यात होतं. वसतिगृहाच्या मेट्रनबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. आजोबा गेल्याची तार हातात आणि ही पोरगी हसते काय! पण दयाचा तरी काय दोष? तिचे याकोबआबा याआधी एकदा मरून झाले होते.

झालं होतं ते असं. आबा सरकारी पाटकरी. वाडीच्या तळ्याची दारं उघडायची, मिटायची, कुणाच्या रानात पाणी गेलं आणि कुणाचं राहिलं ते बघायचं, यात त्यांचा जन्म गेला. नोकरी संपली तशी त्यांच्या मुलानं, म्हणजे दयाच्या वडिलांनी, दानीएल मास्तरांनी, गावातल्या घरात त्यांच्यासाठी एक खोली सारवून ठेवली. आबा तिथं आठवडाभर कसेबसे राहिले आणि एका सकाळी बाज डोक्यावर घेऊन तळ्याकडे चालते झाले. तळ्याच्या भिंतीलगत उंचावर घरचाच रानाचा एक तुकडा होता. त्यातल्या लिंबाखाली त्यांनी छप्पर घातलं आणि संसार मांडला. मास्तर दर रविवारी देऊळ, म्हणजे वाडीचं चर्च, सुटलं की तिथं जायचे आणि "घरी चला, लोक मला नावं ठेवतात," म्हणून डोकं फोडून घ्यायचे. असेच एका रविवारी गेले तर आबा बाजेवर उताणे, तोंडावरून धोतर आणि छातीवर बायबल. मास्तर मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. पोटभर रडून झाल्यावर धोतराखालून आवाज आला, "दान्या, रडतोस ब्येस की रं. मला वाटलं, मास्तर झालास अन् रडायचं इसारलास." त्यानंतर मास्तर महिनाभर बापाशी बोलले नाहीत. आबा मात्र ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि सांगताना त्यांचेच डोळे पाण्यानं भरायचे. हसून भरायचे की आणखी कशानं, ते कुणी विचारलं नाही.

म्हणून दया हसली. मग तिनं तार पुन्हा वाचली. खाली पप्पांचं नाव होतं, आणि चेष्टा कशाशी खातात हे पप्पांना ठाऊक नव्हतं. तेव्हा कुठं तिनं मेट्रनबाईंचं टेबल घट्ट धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली जामखेड गाडी तिनं धरली. सगळा मुलूख दुष्काळानं करपून गेला होता. रस्त्याच्या कडेनं खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा, गाडी आली की पदर नाकाला लावायच्या आणि गेली की हातोडा उचलायच्या. दया खिडकीशी बसली होती. तिला रडू येत होतं, पण रडण्याच्या आड एक भीती येत होती. आबांनी तिच्याकडून शब्द घेतला होता आणि तो शब्द आज पप्पांच्या तोंडावर, सगळ्या मंडळीच्या देखत बोलावा लागणार होता.

नर्सिंगला नगरला जायचं ठरलं तेव्हाची गोष्ट. जायच्या आदल्या दिवशी दयाचा धीर सुटला. घरात कुणाला काही न सांगता ती तळ्यावर गेली आणि आबांच्या शेजारी पाण्यात पाय सोडून मुसमुसत बसली. आबांच्या हातात गळ होता. समोर दोन बगळे एका पायावर उभे होते. आबांनी त्यांना नावं ठेवली होती, देवळाच्या पंच कमिटीतल्या दोघांची. "बघ, डोळं मिटून प्रार्थना चाललीया," ते म्हणायचे, "अन् ध्यान समदं माशाकडं." त्या दोघांतला उंच बगळा म्हणजे दयाचे पप्पा.

त्या दिवशी मात्र आबांनी बगळ्यांचं नाव काढलं नाही. गळ गुंडाळून ठेवला आणि म्हणाले, "दये, एक काम हाय तुज्याकडं. मी मेलो की मला हितं तळ्याच्या काठाला पुरायचं, ह्या लिंबाखाली. दान्या न्हाई म्हनंल, त्येला गावातली पांढरी भिंतवाली जागा पायजे. पर तू सांगायचं. तू कुटं बी गेलीस, कितीबी लांब गेलीस, तरी म्हातारा कुटं हाय ते तुला ठावं पायजे. देतीस शबूद?" दयानं डोळे पुसले आणि शब्द दिला. दुसऱ्या दिवशी ती नगरच्या गाडीत बसली, ती रडली नाही.

शब्द देताना माणसाला वाटतं, अजून लई अवकाश आहे. आबा तर असे, की ते मरतील हे कुणाच्या मनातच येत नसे. दुष्काळात तळं आटत चाललं तसे गावातल्या माणसांचे चेहरे आटले, पण आबांचा नाही. पाणी जसजसं आत सरकायचं तसतशी ते आपली बाज पाण्यामागं सरकवायचे. शेवटी ती बाज तळ्याच्या पार मध्यावर जाऊन बसली, उरलेल्या डबक्याच्या काठाला. कुणी विचारलं, "आबा, तळं कुटं गेलं?" तर म्हणायचे, "म्हायेराला. बाळतपनाला गेलंय. पावसाळ्यात येईल लेकरंबाळं घिऊन." त्याच बाजेवर, पाण्याकडं पाय करून निजलेले असताना ते गेले. सकाळी त्यांचा दोस्त छगन चहा घेऊन गेला तेव्हा त्याला वाटलं, म्हातारा नेहमीचं सोंग करतोय. बराच वेळ तो बिचारा शेजारी बसून सोंग संपायची वाट बघत होता.

दया घरी पोचली तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मंडळीचे लोक होते, पण मंडळीबाहेरचेच जास्त होते. आबांचं गणगोत देवळापेक्षा तळ्यावर मोठं. ओट्यावर सुतारानं घाईनं केलेली पेटी ठेवली होती आणि आत आबा. दया वाकली. चेहरा अगदी निवांत होता, मिशीखाली जरासं हसू असल्यासारखा. तिनं क्षणभर खरंच वाट पाहिली. मग ती पेटीच्या कडेला डोकं लावून रडली.

पप्पा काळा कोट घालून दाराशी उभे होते. त्यांच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं. ते जवळ आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कालपासून पोरं कबर खणताहेत. जमीन नुसती दगड झालीय. गुडघाभर खणली असेल."

"कुठं, पप्पा?" दयानं विचारलं. कुठं ते तिला माहीत होतं.

"कुठं म्हणजे? आपल्या दफनभूमीत. फाटकाजवळ."

दया पुन्हा पेटीशी जाऊन बसली. आजी असती तर तिनं बोलून टाकलं असतं, पण आजी नगरच्या दवाखान्यात वारली आणि तिकडेच मातीआड झाली, त्याला वर्षं लोटली होती. श्रीरामपूरहून आलेली रोझीआत्या पेटीच्या उशाशी बसली होती. तीही सारखी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि भावाकडे चोरून बघत होती. दयाला वाटलं, आपल्या तोंडावर लिहिलेलं आत्यानं वाचलं की काय.

वाडीच्या ख्रिस्ती मंडळीत एक जुनी रीत होती. पेटी उचलायच्या आधी पाळकसाहेब दारात उभे राहून विचारायचे, "गेलेल्याचा शब्द कुणाजवळ आहे का?" ज्याच्याजवळ असेल त्यानं तो चारचौघांत सांगायचा, आणि सांगितलेला शब्द घरच्यांनी पाळायचा. पेटी उचलल्यावर मग कुणी तोंड उघडायचं नाही. या रीतीपायी एकाची गाय मुलीला गेली होती आणि दोन सख्खे भाऊ पुन्हा बोलायला लागले होते. आज या रीतीपायी पप्पांचा चारचौघांत पाणउतारा होणार होता. जन्मभर बापानं हसं केलं, आता मेल्यावर मुलगी करणार. आणि गप्प बसावं, तर आबांना दिलेला शब्द गेला. प्रार्थना सुरू झाली, गायन झालं, पण दयाच्या कानात काही शिरलं नाही.

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. ते वाडीला नवीनच आलेले, वयानं तरुण. घसा साफ करून त्यांनी विचारलं, "आपले वडील बंधू याकोब यांचा शब्द कुणाजवळ आहे का?"

दया उठणार, तोच रोझीआत्या उठली.

"माझ्याजवळ आहे," ती म्हणाली. "दादा, रागावू नको. आबांनी मला सांगितलं होतं, मला श्रीरामपूरला नेऊन पुर. तुझ्या घराजवळ. रेल्वेची शिट्टी ऐकत पडतो म्हणाले."

दया बघतच राहिली. पप्पांच्या कपाळाला आठी पडली. "श्रीरामपूरला? तुला कधी म्हणाले?"

"आई गेली तेव्हा. मी म्हटलं, आता मला माहेर नाही उरलं. तर म्हणाले, मग मीच येतो तुझ्या दारात."

अंगणात कुजबूज सुरू झाली. एवढ्यात मागून छगन पुढं आला, टोपी काढून हातात घेतली. "मास्तर, मी तुमच्या देवळातला न्हाई, पर शबूद माज्याजवळ बी हाय. मला म्हनला, छगन्या, मला तुज्या बांधावर पुर. तुजा भाऊबंद दर साली बांध कोरतोय न्हवं, मी हितं पडून बघतो कोन कोरतंय."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. छगनचा भाऊबंद गर्दीतच होता, तो खाली बघायला लागला.

"थांबा, थांबा," म्हणत केशरबाई उठली. ओढ्याकडच्या शेवटच्या घरात एकटी राहणारी म्हातारी. "माज्या कोंबड्या चोरीला गेल्त्या तवा मला काय म्हनले इचारा की! म्हनले, केशरे, भिऊ नगं. मला तुज्या परसात पुर, भुताच्या भ्यानं चोर फिरकायचा न्हाई. मी जागा बी सारवून ठिवलीया!"

आता हसू आवरेना. हॉटेलवाला गहिनीनाथ उठून म्हणाला, "मला म्हनले, हाटेलामागं पुर. तुज्या च्यानं मेलेलं बी उठतंय म्हनत्यात, बघू तरी!" आणि मग पाळकसाहेबांनीच मान खाली घालून सांगितलं, की आबा त्यांना म्हणाले होते, देवळाच्या पायरीशी पुरा, तुमचा उपदेश सुरू झाला की मला डुलकी लागते, तिथं कुणी उठवणार नाही. "तेव्हा दुष्काळी कामामुळं देवळात कुणी येत नव्हतं," पाळकसाहेब म्हणाले. "मी राजीनामा द्यायच्या विचारात होतो. ते ऐकून मी इतका हसलो, की राहूनच गेलं."

सगळं अंगण हसत होतं. पेटीशेजारी बसलेल्या बाया तोंडात पदर कोंबून हसत होत्या, रोझीआत्या रडता रडता हसत होती. कुणी म्हणालं, "एका म्हाताऱ्याला किती ठिकानी पुरायचं?" आणि पुन्हा हशा उठला.

दयालाही हसू आलं आणि त्याबरोबर छातीवरचा धोंडा खाली उतरला. आबांनी तिच्याकडे काही मागितलंच नव्हतं. ज्याला जिथं एकटं वाटत होतं तिथं म्हातारा आपली कबर ठेवून आला होता, एवढंच. तिला नगरला जायची भीती वाटत होती, म्हणून तिला लिंबाची खूण दिली. आता ती बोलली काय आणि न बोलली काय, आबांचं काही अडत नव्हतं. काल दुपारपासून पहिल्यांदा तिनं छाती भरून श्वास घेतला.

मग तिचं लक्ष पप्पांकडे गेलं.

पप्पा हसत नव्हते. रागावलेलेही नव्हते. कोटाचं बटण चाचपत ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. पंक्तीत आपल्या पानाशी वाढपी थांबलाच नाही, असं झालेल्या माणसासारखे दिसत होते. हसणं ओसरलं तेव्हा पाळकसाहेबांनी विचारलं, "मास्तर, तुम्हाला काय म्हणाले होते?"

"मला?" पप्पा म्हणाले. "मला काहीच नाही म्हणाले."

बायांनी तोंडातले पदर काढले.

"दर रविवारी जात होतो," पप्पा म्हणाले. ते कुणाशी बोलत होते ते त्यांनाही कळत नसावं. "मी घरी चला म्हणायचो, ते नाही म्हणायचे. दुसरं काही बोलणंच झालं नाही. त्यांना कुठं ठेवावं, काय करावं... कालपासून मी विचार करतोय. मला माहीतच नाही. म्हणून आपलं फाटकाजवळ सांगितलं."

पप्पांना असं बोलताना दयानं कधी ऐकलं नव्हतं. सगळ्या वाडीला म्हाताऱ्यानं एकेक जागा वाटली होती आणि पोटच्या पोराला विसरला होता. का विसरला असेल? पप्पांनी आपलं दुःख त्याला कधी दाखवलं नसेल, नाही तर त्यांच्या वाट्यालाही एखादी चेष्टा आली असती. पण हे आता कुणी कुणाला सांगावं?

"आणि दया, तू?" पाळकसाहेब तिच्याकडे वळले. "तू तर त्यांची लाडकी. तुला काही सांगितलं होतं?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. गाडीत बसल्यापासून घोकलेलं वाक्य अगदी ओठावर होतं. पप्पाही तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेवरून कळत होतं की ते उत्तर धरूनच चालले आहेत.

"नाही," दया म्हणाली. "मला पण काही नाही सांगितलं."

ती कधी खोटं बोलत नसे, त्यामुळं जीभ जराशी अडखळली. पण आबांच्या पेटीसमोर उभी राहून तिनं ते धडधडीत सांगितलं, आणि तिला मुळीच वाईट वाटलं नाही.

पप्पा तिच्याजवळ आले. "तुला पण नाही?"

"नाही, पप्पा."

त्यांच्या खांद्यातला ताठा गेला. त्यांनी तिचा हात धरला. असा हात त्यांनी ती शाळेत जायला लागल्यावर सोडला होता तो आजच धरला. "म्हणजे आपण दोघंच राहिलो," ते म्हणाले. "मग आपण दोघांनीच ठरवायचं."

"तुम्ही सांगा, पप्पा."

पप्पांनी पेटीकडे पाहिलं. आबांच्या मिशीकडे पाहिलं. "मी जन्मभर त्यांना तळ्यावरून घरी आणायला बघितलं," ते हळूच म्हणाले. "आता आणलं, तर ते असे. मला वाटतं, त्यांना परत तिकडंच न्यावं. लिंबाखाली. पाणी येईल तेव्हा समोर दिसेल त्यांना. तुला चालेल का?"

दयानं मान हलवली आणि मग इतकी मोठ्यानं रडली, की रोझीआत्या धावत आली. पप्पांना वाटलं, पोरीला दुःख अनावर झालं. ते तिची पाठ थोपटत राहिले. पण तिला दुःख अनावर झालं नव्हतं. तिला इतकं हलकं वाटत होतं, की रडल्याशिवाय इलाजच नव्हता.

दफनभूमीतल्या पोरांना निरोप गेला. दगडाशी झटून त्यांच्या हाताला फोड आले होते, ती कुदळी खांद्यावर टाकून आनंदानं धावत आली. लिंबाखालची माती मऊ निघाली. पेटी निघाली तशी सगळी वाडी मागून चालली, आणि रीतीप्रमाणं कुणी शब्द बोलायचा नव्हता, तरी तळ्याच्या भिंतीवर चढता चढता कुणीतरी कोंबड्यांची आठवण काढली आणि हसण्याची एक लाट पुढून मागं जाऊन आली. सगळ्यांत पुढं खांदा दिलेले मास्तर होते. त्यांनी मागं वळून दटावलं नाही. त्यांचे स्वतःचेच खांदे हलत होते.

माती देऊन झाली, लोक पांगले. पप्पा लिंबाच्या बुडाशी एकटेच बसून राहिले. त्यांना तसंच बसू द्यावं म्हणून दया खाली, तळ्याच्या भेगाळलेल्या पोटात उतरली. डबक्याच्या काठाला आबांची बाज तशीच होती. छगन ती उचलायला आला होता.

"दये," बाजेची दोरी सारखी करत तो म्हणाला, "तू नगरला जायच्या आदल्या दिशी मी पल्याड जाळं धूत हुतो. म्हातारा तुला काय म्हनला ते समदं मला ऐकू आलं हुतं."

दयाचा चेहरा पडला. ती वर लिंबाकडे बघत म्हणाली, "छगननाना, पप्पांना सांगू नका."

"मी कशाला सांगतोय?" छगन म्हणाला. त्यानं बाज डोक्यावर घेतली आणि तिच्याकडे बघून पोट धरून हसावं तसा हसला. "आगं, मेल्याव बी म्हातारा मास्तरला बनवतोय असं वाटलं मला. पर त्यो न्हवता, तू हुतीस."